वर

नवा शाफ्ट दोनशे दहा रियाल.
एजन्सीने लिहून दिलंय, शिक्क्यासकट.
सालिम बिन हमूद त्या कागदाची चौकोनी घडी करतो,
टोपीच्या आत खोचतो
आणि विचारतो, बरशुराम, तुझ्याकडे काय भाव?

अरबीत प नाही.
सोळा वर्षं मी ब वर भागवतोय.

गाडी एक्क्याण्णवची लँडक्रूझर.
इब्रीच्या सनय्यात सगळे तिला आवाजावरून ओळखतात:
गिअर टाकला की आधी खण्ण, मग हलणार.
ऐंशीला पोचली की सीट थेट दातांशी बोलते.
विकून टाक, असं टायरवाल्याने
तिच्यासमोरच सांगितलं.

मी खाली सरकलो. पाठीला पुठ्ठा, पुठ्ठ्याला तापलेलं सिमेंट.
शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला,
ओला टॉवेल पिळावा तसा.
क्रॉस गेलेले, दोन्ही.
बेअरिंगच्या सुयांचं लाल पीठ झालेलं,
आईच्या मिसरीच्या डबीतलं असावं तसं.

आता उपाय मोजू.
भंगारातला शाफ्ट पंचवीस रियाल, पण दोन बोटं लांब.
गुलजमान कापून जोडेल, त्याचं वेल्डिंग सुटत नाही,
पण बॅलन्सिंगला मस्कत गाठावं लागेल,
म्हणजे डिझेल, जेवण, अख्खा दिवस.
मागचा काढून ठेव, पुढच्यावर चालव:
चालते तशी, डांबरावर.
सालिमचे उंट डांबरावर नाहीत.
राहिले क्रॉस. जपानी, सहा रियालला एक.
अडीचवालेही मिळतात.
ते घालायचे त्याला,
ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही.

शाफ्ट उतरवला, वाइसमध्ये धरला.
सर्क्लिप उडून कुठे गेली ती गेलीच.
स्प्लाइनवरचं जुनं ग्रीस डांबरासारखं घट्ट,
डिझेलने धूत बसलो,
आणि खालून लोखंडावर
पंचने ठोकलेली अक्षरं वर आली:

वर

शेजारी एक बाण.
दुसऱ्या तुकड्यावर दुसरा बाण.

ऊपर नाही. फौक नाही.
वर.

मी चिंधी खाली ठेवली.
ठोकणाऱ्याने र चा पाय जरा लांब ओढलाय,
घाईत असणार, किंवा जेवायची वेळ झाली असणार.

सालिम, ही आधी कोणी उघडली होती?
एक हिंदी होता, म्हणाला. बुटका. शीळ घालायचा.
वडील होते तेव्हा.
नाव?
सालिमने हात हवेत उलटा केला. खलास.
त्याच्यानंतर?
त्याच्यानंतर दोघंतिघं.

त्या दोघातिघांना वाचता आलं नसणार.
बाण बाणासमोर हवा होता,
तो दोन दात सरकलेला.
दोन दात! एवढ्यासाठी इतकी वर्षं
ही बाई अंग झटकत धावत होती
आणि लोक तिला म्हातारी म्हणत होते.

क्रॉस घातले, ठोकून नाही, दाबून,
सॉकेट लावून, सावकाश, सुई आडवी पडली तर सगळं पुन्हा.
बाणाला बाण भिडवला.
ग्रीस भरलं, निपलमधून बाहेर येईपर्यंत.
अक्षरं पुन्हा बुडाली.
बुडायच्या आधी मी त्या र वर
पंच ठेवून एकदाच हातोडी मारली,
फिक्कट झाला होता म्हणून.

फहूदच्या रस्त्याला नेली.
ऐंशी. नव्वद. शंभर.
सालिम डॅशबोर्डवर हात ठेवून बसलेला,
आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

बारा रियाल क्रॉसचे, चार माझे.
त्याने टोपीतला कागद काढला, उघडला,
एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे.
केलंस काय?
वाचलं, म्हणालो.
त्याला वाटलं मी कुराणातलं काही.
मी पण पुढे समजावत बसलो नाही.

रिव्हर्सला अजून बारीक खण्ण आहे.
तो झिजलेल्या स्प्लाइनचा, त्याला स्वस्त इलाज नाही,
भंगारात जोडीचा तुकडा मिळाला तर सांगतो, म्हटलं.
राहू दे, म्हणाला सालिम.
उंट त्यावरूनच ओळखतात
की मी आलो.